बाबांची डबी

शाम्पू बदलून बदलून पोरगी थकली, तरी धुतलेले लांबसडक, तलम केस शाळेत पोचेपर्यंत तेलकटच. "आंघोळीची गोळी घेतलीस का गं?" मैत्रिणी विचारायच्या. आईची पहाटेची ड्युटी, म्हणून वेणी बाबांकडे. बाबा गवंडी, भिंतीसारखीच वेणीही ओळंब्यात, अगदी सरळ घालायचे. आज वर्गाचा फोटो होता. केस धुऊन, वाळवून ती आरशासमोर बसली. पाहते तर काय, मागे बाबा डबीतलं मलम गुपचूप तळहातांना चोळताहेत! "तरीच म्हटलं, केस तेलकट कसे!" बाबा ओशाळले. "सिमेंटनं हातांची कानस झालीय गं. तुझे केस अडकतात, तुला दुखतं." तिनं डबी हिसकावून घेतली. "हे रात्री लावायचं, मी लावून देईन. आता साबणानं हात धुवा." कोरड्या हातांच्या पहिल्याच पेडाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुखलं का गं?" "हो," ती हसली, "पण थांबू नका."