लेमोससाहेबांचं कवन

दोरिलाच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, कार्निव्हल ऐन भरात असताना, मोंतेविदेओच्या एका पेन्शन कचेरीत वॉल्टर दोन्ही हात डोक्यावर ठेवून संगणकाच्या पडद्यासमोर बसला होता.

"काय झालं?" दोरिलानं विचारलं. बॅकअपचं काम ती बघायची.

"सगळी गाणी गेली."

कचेरीतल्या लोकांचा गाणाऱ्यांचा फड होता. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी मेनफ्रेमची, म्हणजे कचेरीच्या मोठ्या संगणकाची, खोली थंडगार, म्हणून तालीम तिथंच चाले, पंख्यांच्या घरघरीवर आवाज चढवून. गाणी वॉल्टर लिही आणि मेनफ्रेमवरच ठेवी, कारण रोज एखादी ओळ बदलल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आज ती छापून वाटायची होती. रात्री फड कार्निव्हलच्या मंचावर उभा राहणार होता, आणि शेवटी म्हणायचं निरोपाचं गाणं कालच नव्यानं लिहिलेलं. ते कुणालाच पाठ नव्हतं. वॉल्टरलाही.

"गेली कशी?"

"साहेब सकाळी म्हणाले, रात्री बायकोला घेऊन येतोय. म्हटलं, त्यांच्यावरचं कवन तेवढं काढून टाकू."

"आणि कंस विसरलास."

गाण्यांचा गठ्ठा एकच. त्यातलं एक गाणं पुसायचं तर गठ्ठ्याच्या नावापुढे कंसात त्या गाण्याचं नाव द्यावं लागतं. वॉल्टरनं नुसतं गठ्ठ्याचं नाव दिलं होतं. यंत्रानं अख्खा गठ्ठा पुसला.

"नवीन आलेल्यांना हेच शिकवतोस ना तू?"

"शिकवतो. चांगलं शिकवतो."

दोरिला हसली. "रडू नको आता. दिवसभरात जे बदललं तेवढ्याचीच नक्कल यंत्र रात्री आपणहून घेतं. जे तसंच आहे त्याला हात लावत नाही. तू रोज काही ना काही खोडत बसतोस, म्हणून तुझ्या गाण्यांची रोज नक्कल झालीय. कालचीही."

"म्हणजे आहेत?"

"आहेत. सगळी. तेसुद्धा."

वॉल्टरचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. पुसलेलं परत आणायचं तर साहेबांचा परवलीचा शब्द लागे. आणि परत आलेली प्रत्येक गोष्ट स्वतः उघडून वाचल्याशिवाय साहेब जागचे हलत नसत.

"ते एक सोडून बाकीची आण ना."

"गठ्ठा गेला, गठ्ठाच येणार. हे काय तांदूळ आहेत, खडे निवडायला?"

"मग राहू दे."

"राहू दे? आणि अठरा माणसं तोंडाला रंग फासून मंचावर काय सांगणार, हवामानाचा अंदाज?" असं म्हणत तिनं फोन उचलला.

साहेब, म्हणजे अपारिसियो लेमोस, आले. काखेतला थर्मॉस त्यांनी दाराबाहेर ठेवला, आत येऊन आपला शब्द टाइप केला. काचेमागचा यांत्रिक हात सरकला, रांगेतून एक टेप उचलून त्यानं लावली. थोड्या वेळात गाणी पडद्यावर परत आली. लेमोस चष्मा चढवून एकेक उघडू लागले. निरोपाचं गाणं त्यांनी दोनदा वाचलं आणि मान डोलावली. मग पुढचं उघडलं.

अख्ख्या देशाची आठवण ठेवी लेमोस कुलपात,
बायकोचा वाढदिवस विसरला, झोपला अंगणात.

वॉल्टर काचेमागच्या टेपकडे बघत राहिला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, साहेब. काढणारच होतो."

"चूक आहे."

"हो साहेब. चूकच झाली."

"अंगणात नाही," लेमोस म्हणाले. "गॅरेजमध्ये. अंगणात कुत्रा होता, तो सरकेना."

दोरिलानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"दुरुस्त कर. नेल्दा ऐकायला येणार आहे. तिला तपशील चुकलेला चालत नाही."

"पण साहेब, गॅरेजला यमक कुठून आणू?"

"ते तुझं तू बघ," म्हणत लेमोस थर्मॉस घ्यायला बाहेर गेले.

वॉल्टरला यमक सापडलं नाही. मंचावर गॅरेज आलं तसं यमक मोडलं, अठराही जण अडखळले, आणि लोक दुप्पट हसले. पहिल्या रांगेत नेल्दा एका हातानं डोळे पुसत होती, दुसऱ्या हाताच्या कोपरानं नवऱ्याला ढोसत होती. लेमोस ताठ बसून ऐकत होते, तपासणीला बसल्यासारखे. कवन संपल्यावर, पुन्हा म्हणा, अशी त्यांनी बोटानं खूण केली.

अपारिसियो लेमोस दोन हजार एक सालच्या ऑगस्टात, पहाटे, नेल्दाच्या शेजारी झोपेतच वारले.