धुराची वाटणी

"आपल्या वीजकंपनीचा नफा यंदा नऊ टक्क्यांनी वाढला आणि धूर एक तृतीयांशाने घटला!" मुलीने आरशासमोर उभं राहून वाचलं.

बाबा नुकतेच पाळीवरून आले होते. दारातच त्यांना खोकल्याची उबळ आली होती, ती आत्ता कुठे थांबली होती. "एका वर्षात एवढा? अरे वा!"

उद्या तिच्या कंपनीच्या वार्षिक सभेत हे भाषण करायचा मान तिला मिळाला होता. बाबांनी पहिल्या रांगेत बसावं, एवढीच तिची इच्छा होती. त्यांनी पाळी बदलून घेतली होती आणि मुलीचं कौतुक सांगून सांगून सोबत्यांचे कान किटवले होते.

"पण केलं काय नेमकं? नवी यंत्रं बसवली?"

ती कागदाशी चाळा करू लागली. बाबांशी खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. "तुमचं जुनं वीजकेंद्र विकलं ना कंपनीने. त्याचा धूर आता आमच्या हिशेबात धरत नाहीत."

बाबांनी अंगातल्या शर्टाकडे पाहिलं. विक्रीनंतर त्यांच्या नोकरीत फरक पडला होता तो खिशाएवढाच. आईने जुन्या कंपनीचा बिल्ला उसवून तिथे नव्या कंपनीचा शिवून दिला होता. बॉयलर तोच, कोळसा तोच. खिडकीतून दिसणारी चिमणीही तीच, आणि आज ती चांगलीच जोरात होती.

"म्हणजे आमच्या नव्या मालकांचा धूर वाढला असेल."

"त्यांची सभा अजून व्हायची आहे."

बाबा हसले नाहीत.

"तुम्ही नाही आलात तरी चालेल," ती म्हणाली. खरं तर तिला ते मुळीच चाललं नसतं.

तेवढ्यात आई गॅलरीतून लगबगीने आत आली. तिच्या हातात मुलीचा उद्यासाठी धुतलेला पांढरा शर्ट होता. "वारा इकडे फिरलाय. वेळेवर काढला म्हणून बरं, नाहीतर काजळी बसली असती." तिने सवयीने खिडकी लावून घेतली.

बाबांनी शर्टाकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"येतो की. मुलगी बोलणार आणि बाप घरी बसणार होय?" त्यांनी घसा खाकरला. "फक्त ते धुराचं वाक्य झालं की जरा थांब. लोक टाळ्या वाजवतील, तेवढ्यात मी खोकून घेईन."