खडूची रेघ

वीस मिनिटांत पोहोचेल, असे फोनने तिसऱ्यांदा सांगितले, तेव्हा शिंप्याने पायात घातलेल्या चपला पुन्हा काढल्या.

"अहो, जा तरी, नाहीतर बसा तरी," तुरपाईवरची नजर न काढता बायको म्हणाली. "सकाळपासून उंबऱ्यातच नाचताय."

मशीनशेजारच्या खुंटीवर गडद जांभळा झगा लटकत होता. त्याच्या पाठीची चेन तुटली होती. जुनी उसवून झाली होती आणि नवी यायची होती. झगा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या गाणाऱ्या मुलीचा. आज संध्याकाळी ती पहिल्यांदाच एकटी मंचावर उभी राहणार होती, आणि मंचावर घालण्याजोगे तिच्याजवळ तेवढेच होते. त्या रंगाची चेन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मिळत असे. शिंपी सकाळच्या बसने निघालाच होता; पण तेवढ्यात फोनवर चेन दिसली आणि तिच्याखाली हिरव्या अक्षरांत 'दोन तासांत घरपोच' हेही दिसले. आता दुपार कलली होती. निघावे तर चेन मागून दारात यायची आणि फेरी फुकट जायची, थांबावे तर दुपारची बसही चुकायची; आणि मन कुठल्याही एका बाजूला झुकू लागले की फोन म्हणे, वीस मिनिटे.

नकाशावरची चिमुकली स्कूटर हलत मात्र होती. एकाच चौकात थोडी पुढे जाई, थोडी मागे येई.

इतक्यात पलीकडचा घड्याळजी दारात उभा राहिला. "काय रे, माझी पँट? तुझा तो 'उद्या' एकदा दाखव तरी मला!"

"हे काय, हातातच आहे." शिंप्याने फळीवरचे कापड ओढले, पाठ वळवून त्यावर खडूच्या दोन रेघा मारल्या आणि मग ते गिऱ्हाइकापुढे पसरले. "सुरुवात केलीय. परवा घेऊन जा."

रेघा पाहून घड्याळजी निमूट गेला. नेहमी असेच होई.

बायकोने फोनमध्ये डोकावून पाहिले. "नकाशावर ही स्कूटर काढणारा शिंपीच असणार कुणीतरी," ती म्हणाली.

शिंप्याला हसू आले नाही. तो स्कूटरकडे पाहत राहिला. बस त्याच्या दारावरून निघून गेली.

मुलगी आली ती केस बांधून, तयार होऊनच. "काका, झालं?"

'चेन तेवढी राहिलीय.' आयुष्यभर खोटे म्हणून वापरलेले हे वाक्य आज अक्षरशः खरे होते, आणि तेच त्याला उच्चारवेना.

"आली नाही," तो म्हणाला.

मुलगी स्टुलावर बसली. "मग मी उभी कशी राहू?"

शिंप्याने फोन पालथा ठेवला आणि सुईत जांभळा दोरा ओवला. "झगा घालून ये."

ती पाठमोरी उभी राहिली. बायकोने दोन्ही कडा जुळवून धरल्या.

"सगळ्यात लांब सुराला घेतेस ना, तेवढा श्वास घे. आता धर." भरलेल्या छातीच्या मापाने त्याने एकेक टाका घातला. श्वास संपला की तो थांबे, भरला की पुन्हा शिवू लागे.

"आणि उतरवायचा कसा तिने?" बायकोने विचारले.

"गाणं झालं की इकडेच ये. उसवून देईन."

शेवटची गाठ बसली आणि पालथा फोन वाजला. 'आपली वस्तू पोहोचली आहे. आमची सेवा कशी वाटली?'

नवरा-बायकोने दाराकडे पाहिले. उंबरा रिकामा होता. बायकोने उठून पायपुसणेही उचलून पाहिले.

"आली का, काका?" टाके ताणतील म्हणून मान न वळवता मुलीने समोरच्या भिंतीलाच विचारले.

"आली म्हणतायत," शिंपी म्हणाला.

मुलगी ताठ पाठीने, जपून पायऱ्या उतरून गेली. शिंप्याने पुन्हा एकदा फोन पाहिला, पुन्हा एकदा उंबरा पाहिला. मग घड्याळजीचे कापड पुढे ओढून त्यावरच्या रेघा तळहाताने झटकून टाकल्या आणि गळ्यातली टेप काढली.

"परवाचं ना ते?" बायको म्हणाली.

"सुरुवात केलीय म्हणून सांगितलंय त्याला," तो म्हणाला आणि मापे घेऊ लागला.