पद्मजाची चाल

"आता तरी एकदा हरा तिच्याशी, भावोजी," आसावरी स्वयंपाकघरात दबक्या आवाजात म्हणाली. बहिणीला बघायला ती सकाळच्या एसटीने पेणहून आली होती. "बघवत नाय हो तिचं तोंड."

अंबरीशने चहा कपांत गाळला. हरायचं कसं, हे त्याला कोणी शिकवायला हवं होतं? लग्न झाल्यापासून तो पद्मजाशी बुद्धिबळात हरतच आला होता. ती शाळेपासून स्पर्धा खेळलेली. तो धाटावला कंपनीत प्रयोगशाळेत, खेळ नुसता हौसेचा. पण हरणं त्याला कधी पचलं नाही. डाव संपला की तो चपला घालून निघायचा, वरशातल्या घरापासून चालत थेट रोह्याच्या पुलापर्यंत जायचा. परत आला तरी जेवताना शब्द नाही. "अहो, खेळ आहे हा," म्हणून पद्मजा हसायची.

फाल्गुनात तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. पुढे हातात थोडा जोर आला, तेव्हा तिचा व्यायाम करून घ्यायला येणारी मृणाली म्हणाली, "मॅडमना बुद्धिबळ आवडतं ना? मग रोज खेळा. पण उजव्याच हाताने हं."

तेव्हापासून अंबरीश जिंकत होता. पहिल्यांदा जिंकला तेव्हा मनातून सुखावलासुद्धा, आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली. आता ते जिंकणं नकोसं झालं होतं. पद्मजा मोहरं भलतीकडेच ठेवायची. चाल झाल्यावरही तिचा हात पुन्हा त्याच मोहऱ्याकडे जायचा, घशातून "अं, अं" निघायचं. आपली चाल झाली हेसुद्धा तिला कळत नाही, असं अंबरीशला वाटायचं. तो तिचा हात हळूच खाली ठेवायचा. "झाली गं तुझी चाल." डावा हात पुढे आला तर तोही मागे करायचा. मग ती पटाकडे बघत राहायची आणि तिचे डोळे भरायचे. तिला एकटीला टाकून आता पुलापर्यंत जायचीही सोय नव्हती.

चहा झाल्यावर त्याने पट मांडला. आसावरी आपल्या ताईला टेकून बसली.

डाव मध्यावर आला. पद्मजाने घोडा उचलला. हात थरथरला, घोडा कसाबसा पटावर टेकला. "अं," म्हणत तिने पुन्हा हात पुढे केला.

"झाली, झाली," अंबरीश म्हणाला. त्याने तिचा हात मांडीवर ठेवला आणि आपला वजीर नेऊन सरळ तिच्या उंटाच्या तोंडी दिला.

"ताई, वजीर! घे ना!" आसावरी ओरडली.

पद्मजाने वजीर घेतला नाही. तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. अंबरीशने नजर चुकवली.

मग तिचा डावा हात वर आला.

"उजवा, पद्मा, उजवा," तो सवयीने म्हणाला.

तिने ऐकलं नाही. त्याचा वजीर उचलून आधी होता तिथे परत ठेवला. मग आपला घोडा उचलला आणि शेजारच्याच घरात नीट, मधोमध ठेवला.

अंबरीशने पटावर वाकून पाहिलं. राजाला शह बसला होता आणि त्याच घोड्याच्या माऱ्यात वजीर होता. दोन्ही वाचणं शक्य नव्हतं.

पद्मजाचे ओठ वाकडे झाले. शब्द फुटायला वेळ लागला.

"हात," ती म्हणाली. "हात चुकतो. मी... नाय."