चार बोटं कमी

खाण बुजवून वर झाडं लावली, आणि रोपांच्या मोजणीचं काम जुन्या मुकादमाकडे आलं. दर सोमवारी तो पट्टी लावून एकेकाची उंची लिहून घेई. हजारभर रोपं वाढत होती. एक मात्र दर आठवड्याला चार बोटं कमी भरत होतं. शेंडा शाबूत, पानं हिरवीगार. खोडच जमिनीत उतरत होतं.

"भराव बसत असेल," तो वहिनीला म्हणाला. रोपांना पाणी घालायचं काम तिच्याकडे होतं.

"एकाच रोपाखालचा? भाऊजी, भरावालाही तुमचा धाक दिसतोय, सांगाल तिथेच बसतो!"

तो हसला नाही. याच जागेखाली बोगदा ढासळून त्याचा भाऊ अडकला होता. बुजवण्याआधी हवेच्या पाइपला कान लावून आतली चाहूल घ्यायची, हा खाणीचा नेम. तिसऱ्या दिवशी तो पाइपजवळ गेला; पण आवाज आला आणि माणूस काढता आला नाही तर, या धास्तीने त्याने कान लावलाच नाही. "आत काही नाही," एवढं सांगून मोकळा झाला. सख्खा भाऊच म्हणतोय म्हटल्यावर सगळ्यांनी मान डोलावली. वहिनीनेही.

या सोमवारी भर दुपारी मातीवर दोनच पानं उरली होती. वहिनी गुडघ्यांवर बसली, वाकली आणि तिने जमिनीला कान लावला. बराच वेळ ती नुसती हुंकार देत राहिली.

"वहिनी, उठा आता."

"हो, भाऊजी इथेच उभे आहेत," ती मातीला म्हणाली, आणि त्याला जागा करून देत बाजूला सरकली.