थंड डोक्याचं भारूड

"जत्रा होईस्तोवर गोळ्या बंद कर," ओट्यावर टेकता टेकता बिभीषण ढोलकीवाला म्हणाला. "त्यांनी तुझं डोकं थंड केलंय, बन्सी. थंड डोक्यातनं भारूड निघत न्हाई."

आत भाकरी थापणारी पुष्पावती पिठाच्या हातानंच बाहेर आली. "भावजी, दोन वर्सांमागं ह्यांना विहिरीच्या काठावरनं तुमीच वढून आणलं ना? इसरला?"

"तवाचंच भारूड लोकं अजून शेवगावच्या बाजारात म्हणत्यात, वहिनी."

हे मात्र खरं होतं. तेव्हा आठ दिवस ना झोप, ना अन्न. बन्सी नुसता रचत सुटला होता. मग ती विहीर. नगरला सावेडीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या अन् माणूस ताळ्यावर आला. पण नवी ओळ काही आली नाही. माणूस वाचला, कलाकार गेला, असं गाव म्हणायचं. गावाचं काय हो, उचलली जीभ लावली टाळ्याला!

बन्सीनं आधी बायकोकडं, मग बिभीषणाकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरं."

पुष्पावतीनं पिठाचा हात कपाळावर मारून घेतला.

पंधरा दिवस तो वही घेऊन बांधावर बसला. लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. बिभीषणाचं मात्र त्याच्या नेहमीसारखंच. चार दिवस घराबाहेर पडला नाही, मग दिवसातनं दहा चकरा. "बंद हाय ना?" एवढंच विचारायचा. बन्सी मान डोलवायचा.

जत्रेत नवं भारूड उभं राहिलं. माणसं पोट धरून हसली, अन् शेवटच्या कडव्याला म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. बिभीषणाची ढोलकीही लई रंगली.

मंडपामागं त्यानं बन्सीला मिठीच मारली. "बघ! गोळ्या सोडल्या म्हनून!"

"एकबी सोडली न्हाई," बन्सी म्हणाला. "सोडली असती, तर खोडायची अक्कल कुठनं आली असती?"

पुष्पावती मागंच उभी होती. रडूच फुटलं तिला, सुखाचं.

"मंग माझ्याशी खोटं का बोललास?" बिभीषणानं विचारलं.

"तू ऐकणार हुतास व्हय?"

बिभीषण चिडेल असं दोघांना वाटलं. तो चिडला नाही.

"देवाची शपथ घे. रोज घेतली?"

"रोज."

बिभीषणानं सदऱ्याच्या खिशातनं घडीवर फाटत आलेला कागद काढला. सावेडीच्याच डॉक्टरांची चिठ्ठी होती, वर बिभीषणाचं नाव.

"उद्या नगरला येतोस माझ्यासंगं?" तो म्हणाला. "हातातली ढोलकी जाईल म्हनून वरीसभर एक गोळी घेतली न्हाई मी."