ओळखीची खूण

अग्नीसारखा समदर्शी देव दुसरा नाही. राजा असो की रंक, तो सगळ्यांना सारखाच भाजतो. फक्त बंबखान्यातल्या महादेवरावांना त्याने अख्ख्या नोकरीत एकदाही भाजलं नव्हतं, आणि सत्तावन सालच्या पौषात अमरावतीच्या कचेरीत नेमकं तेच आडवं आलं.

"ओळखीची खूण?" कमलाकांत कारकुनाने टाक दौतीत बुडवून विचारलं. पेन्शनीच्या कागदावर तो रकाना रिकामा चालत नव्हता.

महादेवरावांनी हात पुढे केले. मग पाय. मग कान दुमडून मागची बाजू दाखवली. कमलाकांताने चष्मा पुसून पाहिलं. तीळ नाही, व्रण नाही, देवीचा वणसुद्धा नाही.

"तुम्ही आगी विझवत होतात की अत्तर विकत होतात?"

कचेरी हसली. शेजारच्या खुर्चीवर बसलेला सहदेवही हसला. खुर्ची त्याला मिळाली होती, महादेवराव उभे होते. हीही जुनीच रीत. दोघे बंबावर एकाच दिवशी लागले. जन्मतारीख दोघांनाही ठाऊक नव्हती. तेव्हाच्या साहेबाने दोघांच्या तोंडाकडे पाहून एकच तारीख लिहून टाकली, म्हणून आता दोघे एकाच दिवशी म्हातारे झाले होते.

फरक एवढाच, की सहदेवाच्या दोन्ही हातांवर बोटांपासून कोपरापर्यंत जळल्याचे डाग होते. वलगाव रोडवर कापसाच्या जिनाला, सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागली तेव्हा त्याने आत जाऊन कुणा गाडीवाल्याचा बैल ओढून काढला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. आपल्या जिनात बैल जळण्याचं पाप टळलं म्हणून मालक शेटजींनी त्याला चांदीचा पेला दिला. बैलाचा गाडीवाला पुढे कधी कुणाला दिसला नाही. पेला मात्र सगळ्यांना दिसला.

त्या आगीत महादेवरावही होते. त्यांना आठवत होतं ते इतकंच: आधी धूर, आणि मग बाहेर लिंबाखाली डोक्यावर ओला पंचा. "पानी प्याले बाहेर आलता तू," असं सहदेवानेच सांगितलं होतं. परत आत जाईपर्यंत आग संपलेली. म्हणजे पेला गेला तो घोटभर पाण्यापायी. तेव्हापासून सहदेव कडाक्याच्या थंडीतही दोन्ही बाह्या कोपरावर चढवून हिंडे. "दुकान मांडून हिंडते," महादेवराव बायकोला, जमुनाबाईंना, सांगत. सहदेवाच्या घरी बायको नव्हती, कोणीच नव्हतं. म्हणून त्याला मिरवायला वेळ मिळतो, असंही त्यांचं मत होतं.

"खूण नसेल तर ओळखणारा आणा," कमलाकांत म्हणाला. "पहिल्या दिवसापासून तुमच्याबरोबर काम केलेला. नाहीतर कागद पुढे जायचा नाही, आणि कागद गेला नाही तर पेन्शन नाही."

असा माणूस जगात एकच उरला होता, आणि तो चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून संस्थानिकासारखा पीत होता.

"उद्या येतो," म्हणून महादेवराव निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमुनाबाई पाण्याला गेल्या, तसं त्यांनी चुलीतलं जळतं लाकूड उचललं, दात आवळले आणि डावा हात पुढे केला. खूण हवी ना, घ्या खूण! लाकूड कातड्यापाशी आलं, आणि पुढचं सगळं सवयीने झालं. लाकूड खाली पडलं, बादली वर आली, चूल विझली. भानावर आले तेव्हा ते राख उलथून निखारा राहिला का बघत होते.

"अजी, चुला काहून इझोला तुमी?" जमुनाबाई दारातून ओरडल्या. "चहा होऊन राहिला होता ना त्याच्यावर!"

महादेवरावांनी टोपी घातली आणि ते सहदेवाकडे गेले.

दुपारी दोघे कारकुनापुढे उभे राहिले. एक खुर्ची होती, तीही सहदेवाकडे सरकवली गेली. मग मात्र महादेवरावांना राहवेना.

"बस बावा, बस. अंगठा दे अन् मोकळा हो. तुले काय! बैलामागं धावला, पेला घेतला, जन्मभर बाह्या वर करून मिरवला. अबे, बैल तं आपल्या पायानं निंगाला असता!"

सहदेव बसला नाही. तो कमलाकांताकडे वळला.

"जिनात बैल कुठचा आला, साहेब? बैल म्हंजे हा."

कमलाकांताचा टाक थांबला.

"धुरानं आडवा झालता. काखेत हात घालून ओढत आनला, वरून पेटता कापूस पडून राहिला होता. मानूस बेसुद पडला म्हनून सांगतलं असतं, तं दुसऱ्या दिवशी साहेबानं याले घरी धाडला असता. धुरात पडनारा गडी बंबावर ठेवतच नव्हते. म्हून बैल सांगतला. त्याच्या रकान्यात लिवा: खूण, सहदेवच्या दोनी हातावर."

"तसं लिहिता येत नाही," कमलाकांत हळूच म्हणाला आणि त्याने शाईची गादी पुढे केली. सहदेवाने अंगठा दिला.

व्हरांड्यात आल्यावर महादेवरावांनी बोलण्यासाठी तोंड उघडलं.

"ते राहू दे," सहदेव म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. "तेवढ्या बाह्या खाली घेऊन गुंड्या लावून दे ना. नळी धरता येते मले, गुंडी नाई धरता येत. तवाची थंडी वाजून राहिली."